उत्तरेकडची अरण्ये हिवाळा कसा काढतात, आणि सौम्य हिवाळा त्यांना खरोखर सोपा जातो का?

पाणथळ
१२ जानेवारी, रात्री ९.२०

हिवाळा सुरू झाला की बडोद्यातील पक्षीनिरीक्षकांची पावले डभोईकडे, वढवाण्याच्या तलावाकडे वळतात. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेल्या आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळालेल्या या तलावावर तलवार बदके, चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात, आणि आपण दरवर्षी त्यांच्या प्रवासाचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. परंतु जे येत नाहीत, त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. बदक उत्तरेतून उडून निघते. ज्या पाणथळीतून ते निघाले तिच्या काठावरचे झाड, त्या झाडाच्या मुळाशी राहणारी चिचुंद्री आणि पालापाचोळ्यात बसलेला बेडूक यांना मात्र कोठेही जाता येत नाही.

पूर्व सैबेरियातील वर्खोयान्स्क येथे १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. त्याच गावात २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला. शंभराहून अधिक अंशांचा हा फरक सोसून त्या भागात लार्च या सूचिपर्णी झाडाची अरण्ये उभी आहेत. आपण थंडी म्हटली की स्वेटर आणि शेकोटीचा विचार करतो, म्हणजेच ऊब कशी टिकवावी याचा. माझी समजूत अशी होत चालली आहे की उत्तरेकडची बहुतेक सृष्टी थंडीशी लढतच नाही. थंडी ठरल्या वेळी येणार हे गृहीत धरून तिने आपले सगळे जीवन आखलेले आहे. ही समजूत बरोबर असेल, तर हिवाळा सौम्य होणे हे तिच्यासाठी वरदान ठरेल की संकट? जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.

मांडवीकर
१२ जानेवारी, रात्री १०.०५

विषय चांगला आहे, पण प्रश्नाचे उत्तर मला सरळ वाटते. थंडी हा ताण आहे. ताण कमी झाला की जगणे सोपे होते. जो जीव उणे पन्नास अंशांत तग धरतो त्याला उणे तीस अंश जड का जावेत?

भूर्जपत्र
१३ जानेवारी, सकाळी ७.४०

मांडवीकर काका, झाडांच्या बाजूने पाहिले तर आपले म्हणणे तितके सरळ राहत नाही. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

गोठणाऱ्या थंडीत झाड मरते ते बहुधा पेशीच्या आत बर्फ झाल्यामुळे. बर्फाचे स्फटिक आत तयार झाले की पेशीची पटले फाटतात आणि ती पेशी पुन्हा जगत नाही. म्हणून उत्तरेकडच्या झाडाची तयारी असते ती बर्फ कोठे व्हावा हे ठरवण्याची. उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबते, कळ्या खवल्यांत मिटतात, पेशींतील पिष्टाची साखर होते, आणि पटलांतील स्निग्ध द्रव्यांची घडण बदलून ती थंडीतही लवचिक राहतात. पहिली थंडी पडली की पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत बर्फ धरतो आणि तो आतले पाणी हळूहळू बाहेर ओढून घेतो. पेशीत उरतो तो साखर आणि प्रथिनांचा अतिशय दाट द्रव. चिक्कीचा पाक जसा साखरेचे दाणे न धरता काचेसारखा घट्ट होतो, तसा तो द्रव स्फटिक न होता घट्ट होतो. १९६० मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी हिवाळ्यासाठी तयार झालेल्या काटक्या आधी सावकाश उणे ३० अंशांच्या आसपास नेल्या आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या. त्या जिवंत राहिल्या. त्याच जातीची काटकी जुलै महिन्यात थोड्याशा गारठ्यानेही मरते. क्षमता झाडात बाराही महिने नसते, ती दरवर्षी टप्प्याटप्प्याने मिळवावी लागते आणि वसंतात सोडून द्यावी लागते.

ओक, मेपल यांसारख्या अनेक रुंदपर्णी झाडांची रीत निराळी आहे. त्यांच्या लाकडातील काही पेशी पाणी बाहेर न सोडता ते गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली द्रवरूपातच टिकवतात. ही रीत साधारण उणे ४० अंशांपर्यंत चालते, कारण त्याच्या आसपास पाणी कोणत्याही निमित्ताविना आपोआप गोठते. जेथे पारा नेहमी त्याखाली जातो तेथे ही झाडे संपतात आणि भूर्ज, विलो, स्प्रूस, लार्च यांचा प्रदेश सुरू होतो.

दुसरी अडचण वाहिन्यांची आहे. पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि वितळल्यावर ते बुडबुडे तसेच राहिले तर मुळापासून शेंड्यापर्यंतची पाण्याची सलग धार तुटते. सूचिपर्णी झाडांच्या वाहिन्या इतक्या अरुंद असतात की बुडबुडे लहानच राहतात आणि वितळताना पुन्हा पाण्यात विरून जातात. भूर्जाच्या वाहिन्या त्याहून रुंद असतात. तो वसंतात मुळांच्या दाबाने पाणी वर चढवून बंद पडलेल्या वाहिन्या पुन्हा भरतो.

लार्चविषयी एवढेच की तो सूचिपर्णी असूनही पाने गाळतो. पूर्व सैबेरियात मुळांखालची जमीन वर्षभर गोठलेली असते, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा मोकळा होतो. जेथे हिवाळाभर पाण्याचा थेंब मिळणार नाही, तेथे सुया सांभाळण्यापेक्षा त्या टाकून देणे त्याला परवडते.

रावपुरेकर
१३ जानेवारी, सकाळी ८.१५

ताई, मग स्प्रूस आणि पाइन हिवाळ्यात हिरवे राहतात ते अन्न तयार करण्यासाठी का?

भूर्जपत्र
१३ जानेवारी, सकाळी ८.५०

कडक हिवाळ्यात जवळजवळ नाहीच. हरितद्रव्य प्रकाश शोषत राहते, पण त्या प्रकाशाने कर्बवायू बांधण्याची यंत्रणा बंद पडलेली असते, आणि न वापरलेला प्रकाश पानालाच इजा करतो. हिवाळा संपत आल्यावर हा धोका सर्वांत मोठा असतो, कारण तेव्हा ऊन प्रखर झालेले असते, हिमावरून ते परतही येते आणि मुळे मात्र अजून गोठलेली असतात. म्हणून सुया झियाझँथिन नावाचे पिवळे रंगद्रव्य हिवाळाभर धरून ठेवतात. त्याच्या साहाय्याने जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून दिली जाते. पाने राखण्याचा लाभ पुढे मिळतो: जमीन मोकळी होताच, नवी पाने घडवण्यात वेळ न घालवता, झाड कामाला लागते. जेथे उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा असतो तेथे दोन आठवड्यांची ही आघाडी फार मोलाची आहे.

चैत्रपालवी
१३ जानेवारी, दुपारी १.३०

भूर्जपत्र ताईंच्या लेखनात दिवस लहान होण्याचा उल्लेख आला आहे, तो मला कळीचा वाटतो. झाड थंडीची वाट पाहत बसले असते तर पहिल्याच कडाक्यात मेले असते. ते सूर्य पाहून तयारी करते. उलट वसंतात जागे होण्यासाठी अनेक झाडांना आधी पुरेशी थंडी सोसून झालेली असावी लागते, नाहीतर जानेवारीतल्या चार उबदार दिवसांनाच ती फसली असती. हिमाचलातील सफरचंदाच्या बागाईतदारांना हे चांगले ठाऊक आहे. हिवाळ्यात थंडीचे ठरावीक तास भरले नाहीत तर बहर विस्कळीत होतो, आणि म्हणूनच तेथील बागा हळूहळू अधिक उंचीकडे सरकत आहेत. आपल्याकडच्या आंब्यालादेखील मोहर धरण्यासाठी थंड रात्री लागतात. थंडी म्हणजे केवळ ताण, हे मांडवीकरांचे म्हणणे झाडांना तरी लागू पडत नाही असे मला वाटते. थंडी ही त्यांच्यासाठी सूचनादेखील आहे.

माझा एक प्रश्न आहे. दिवसाची लांबी तापमानवाढीने बदलत नाही, थंडी मात्र बदलते. मग सूर्य एक सांगतो आणि हवा दुसरेच सांगते, अशा वेळी झाड कोणाचे ऐकते?

विश्वामित्री
१३ जानेवारी, रात्री ९.००

आपल्या विश्वामित्री नदीतील मगरी या दिवसांत काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. ज्यांचे शरीर बाहेरच्या उबेवर चालते त्यांच्यासाठी उत्तर हा अवघड मुलूख आहे, आणि मगर तर तेथे जगूच शकणार नाही. तरीही काही सरपटणारे प्राणी तेथे पोहोचले आहेत. युरोपातील एक लहान सरडा आणि ॲडर नावाचा विषारी साप स्कँडिनेव्हियात उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आढळतात. तेथील माती अंडी उबवण्याइतकी तापत नाही, म्हणून या दोघांच्या माद्या अंडी पोटातच वाढवतात, उन्हाच्या तिरिपेबरोबर जागा बदलत राहतात आणि थेट पिल्लांना जन्म देतात.

पण मला सर्वांत अधिक विस्मय वाटतो तो उत्तर अमेरिकेतील वुड फ्रॉग या बेडकाचा. तो ना खोल पाण्यात जातो, ना जमिनीत खोल बीळ करतो. पानांच्या थराखाली बसतो आणि गोठतो. त्वचेला बर्फाचा स्पर्श होताच त्याचे यकृत साठवलेल्या ग्लायकोजेनचे ग्लुकोज करून रक्तात सोडू लागते. ग्लुकोजने भरलेल्या पेशी वाचतात आणि पेशींबाहेरचे पाणी गोठते, म्हणजे भूर्जपत्र ताईंनी झाडांबाबत सांगितलेलीच युक्ती. शरीरातील पाण्यापैकी सुमारे ६० ते ६५ टक्के पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबते, श्वास थांबतो. अलास्कातील बेडकांनी उणे १६ अंशांपर्यंतचे तापमान सोसल्याची नोंद आहे. वसंतात बर्फ वितळतो, हृदय पुन्हा चालू होते आणि लवकरच तो बेडूक विणीच्या डबक्याकडे निघतो.

मांडवीकर
१३ जानेवारी, रात्री ९.४०

बेडकाची माहिती अद्भुत आहे. पण सस्तन प्राण्यांचे काय? त्यांना गोठून चालत नाही, ऊब राखावीच लागते. तेथे तरी थंडी कमी झाली की खर्च कमी, हा माझा मुद्दा टिकतो. अस्वल तर थंडी टाळण्यासाठीच झोपते.

रातवा
१४ जानेवारी, सकाळी ६.३०

काका, आदरपूर्वक असहमत आहे. अस्वल थंडी टाळण्यासाठी झोपत नाही, उपासमार टाळण्यासाठी झोपते. आपल्याजवळच्या रतनमहाल अभयारण्यातल्या अस्वलाला वाळवी आणि फळे या ना त्या रूपाने वर्षभर मिळतात, त्यामुळे ते हिवाळाभर झोपत नाही. ध्रुवीय अस्वलाचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. सर्वांत थंड मुलखात राहूनही तेथे फक्त गाभण माद्या हिवाळी गुहेत जातात. नर समुद्राच्या बर्फावर सीलची शिकार करत फिरत असतात, कारण त्यांना अन्न हिवाळ्यातही मिळते. उत्तरेच्या अरण्यातील काळ्या किंवा तपकिरी अस्वलाला हिवाळ्यात फळे, मुळे, मासे यांपैकी जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून ते गुहेत जाते.

झोपण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. अलास्कातील काळ्या अस्वलांवरील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की शरीराचे तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहते, पण शरीराचा ऊर्जाखर्च नेहमीच्या चौथ्या हिश्श्यावर येतो. या काळात ते खात नाही, पीत नाही, मूत्र सोडत नाही. युरियातील नायट्रोजन पुन्हा प्रथिने बनवण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे महिनोन्महिने पडून राहूनही स्नायू फारसे झडत नाहीत. याउलट आर्क्टिक प्रदेशात बिळांत राहणारी एक खार सात-आठ महिने झोपते आणि तिच्या शरीराचे तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरते, तरी रक्त गोठत नाही. हे १९८९ मध्ये अलास्कातील संशोधक ब्रायन बार्न्स यांनी दाखवले. ती दर दोन-तीन आठवड्यांनी स्वतःला पूर्ण तापवून काही तास जागी होते आणि पुन्हा थंड होते, आणि साठवलेल्या चरबीचा मोठा भाग या जाग येण्यातच खर्च होतो.

आता हिमाविषयी, कारण माझ्या मते या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तिचा अजून उल्लेख झालेला नाही. ताजे हिम म्हणजे मुख्यतः हवा असते, आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. वीत-दीड वीत जाडीचा थर साचला की बाहेर उणे ३० अंश असले तरी जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहते. जमिनीच्या उबेने तळच्या हिमकणांची वाफ होऊन ती वर जाते, आणि खाली ठिसूळ, पोकळ असा थर तयार होतो. त्या पोकळीत व्होल आणि लेमिंग हे उंदरासारखे प्राणी आणि चिचुंद्र्या सारा हिवाळा वावरतात, तेथेच गवताचे कोंब आणि साली खातात, आणि लेमिंगची तर तेथे वीणही होते. त्यांच्यामागे लीस्ट वीझल हा सर्वांत लहान मांसभक्षक त्याच बोगद्यांत शिरतो. वर झाडावर बसलेले ग्रेट ग्रे जातीचे घुबड हातभर हिमाखालची हालचाल नुसत्या कानांनी ओळखून झेप घेते.

चिचुंद्रीला झोपही परवडत नाही आणि चरबी साठवायला शरीरात जागाही नाही. तिने शोधलेला उपाय असा की ती स्वतःच लहान होते. पोलंडचे ऑगस्ट देनेल यांनी १९४९ मध्ये हे प्रथम नोंदले. हिवाळ्यात तिची कवटी सुमारे १५ टक्क्यांनी आकसते, मेंदूही आकसतो, आणि वसंतात दोन्ही पुन्हा वाढतात. शरीर लहान झाले की त्याला पोसायला किडेही कमी लागतात.

तेव्हा काका, या जिवांना हिवाळ्यात हिम हवे असते. पारा थोडा वर चढून हिमाऐवजी पाऊस पडला तर त्यांचे घरच जाते.

अलका_दांडियाबाजार
१४ जानेवारी, सकाळी १०.१०

आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल ज्या गटातले आहे, त्याच्या भाऊबंदांवर उत्तरेत रेनडिअरचे कळप हिवाळा काढतात, हे कळले तेव्हापासून मला त्या दोन्हींविषयी ममत्व वाटते. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. ते पूर्ण वाळू शकते, पूर्ण गोठू शकते, आणि ओल व प्रकाश मिळताच शून्याखालीही थोडेफार अन्न तयार करू लागते. पण त्याची वाढ फार मंद, वर्षाला काही मिलिमीटर एवढीच असते. एकदा चरून संपलेले कुरण भरून यायला कित्येक दशके लागतात. रेनडिअर ते हिमाखालून वासाने शोधतो आणि खुरांनी उकरून काढतो.

त्याच्या डोळ्यांविषयी तर मी घरात सर्वांना सांगत असते. डोळ्याच्या मागील परावर्तक थराचा रंग उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या दीर्घ अंधारात तो निळा होतो, त्यामुळे त्याचे डोळे मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील होतात.

ओउलूवासी
१४ जानेवारी, दुपारी ४.४५

मी मूळचा बडोद्याचा, सध्या फिनलंडमधील ओउलू येथे राहतो. रातवा यांनी हिमाचा मुद्दा मांडला तो अगदी योग्य आहे. येथून पूर्वेकडे कुसामोच्या टेकड्यांवर स्प्रूसची झाडे इतकी सडपातळ असतात की आपल्याकडच्या माणसाला ती छाटल्यासारखी वाटतील. फांद्या आखूड आणि खाली झुकलेल्या असतात, त्यामुळे भार वाढला की हिम घसरून पडते. तरीही काही हिवाळ्यांत एकेका झाडावर इतके हिम थिजते की शेंडे मोडतात. काळे ग्राऊज पक्षी संध्याकाळी थेट हिमात बुडी मारून आत पोकळी करतात आणि रात्र तेथे काढतात. कॅपरकॅली हा मोठा रानकोंबडा सारा हिवाळा जवळजवळ पाइनच्या सुयांवरच काढतो.

मांडवीकरांच्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर रेनडिअरपालकांकडे आहे. त्यांना उणे ३५ अंशांचे भय नसते. भय असते ते नोव्हेंबरात पारा शून्यावर येऊन हिमावर पाऊस पडण्याचे. तो पाऊस गोठून कठीण पत्रा तयार होतो आणि खालचे दगडफूल दिसत असूनही जनावराला मिळत नाही. रशियातील यामल द्वीपकल्पात २०१३ च्या नोव्हेंबरात असेच झाले, आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. उबदार हवेमुळे झालेला हा संहार आहे.

मांडवीकर
१४ जानेवारी, रात्री ८.२०

यामलचा आकडा वाचून मन विषण्ण झाले. तरीही उत्क्रांतीला आपण सर्वजण कमी लेखत आहात असे वाटते. ज्या सृष्टीने बेडकाला गोठून जगायला शिकवले ती बदलत्या हिवाळ्यालाही तोंड देईल. दुसरे असे की कोणाचे नुकसान होते तेव्हा कोणाचा तरी लाभ होतो. तांबडा कोल्हा उत्तरेकडे सरकत आहे, टुंड्रावर, म्हणजे उत्तरेकडच्या वृक्षहीन मैदानांवर, झुडपे वाढत आहेत, मूस हे मोठे हरीण त्या झुडपांमागोमाग जात आहे. हे जीवनच आहे ना?

रातवा
१४ जानेवारी, रात्री ९.३५

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिलीला तर उत्तम उदाहरणही आहे. उत्तर अमेरिकेतील स्नोशू हेअर हा ससा हिवाळ्यात पांढरा होतो. रंग बदलण्याची वेळ तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, त्यामुळे हिम उशिरा पडले की तपकिरी जमिनीवर पांढरा ससा उठून दिसतो. मोंटानामध्ये रेडिओ पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात असे ससे अधिक प्रमाणात मारले जातात असे आढळले. पण पॅसिफिक किनाऱ्याजवळ, जेथे हिम कमी टिकते, तेथील हेच ससे हिवाळ्यातही तपकिरी राहतात. २०१८ मध्ये स्पष्ट झाले की हा गुण त्यांच्यात फार पूर्वी जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीशी झालेल्या संकरातून आला. म्हणजे बदलाचे बीज सशाकडे आहे.

परंतु ससा वर्षाला दोन-तीन वेळा वितो. स्प्रूसला बी धरायलाच दशके लागतात आणि तो जन्मभर एका जागी उभा असतो. उत्क्रांतीला वेळ द्यावा लागतो, आणि तो प्रत्येकाला सारखा लागत नाही.

तांबड्या कोल्ह्याविषयी एवढेच म्हणेन की तो जेथे पोहोचतो तेथून आर्क्टिक कोल्ह्याला मागे हटावे लागते. आर्क्टिक कोल्ह्याची लोकर इतकी दाट, कान आणि मुस्कट इतके आखूड की कडाक्याच्या थंडीतही त्याला फारशी जादा ऊर्जा खर्चावी लागत नाही. थंडीने त्याला त्रास दिला नाही, तिने त्याला मोठ्या प्रतिस्पर्ध्यापासून वाचवले होते.

भूर्जपत्र
१५ जानेवारी, सकाळी ७.१५

रातवा यांच्या शेवटच्या वाक्याला झाडांकडून दोन दाखले जोडते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली राहणारा एक भुंगेरा आहे. हिवाळ्यात त्याच्या अळ्या शरीरात गोठण रोखणारे ग्लिसरॉल साठवतात, तरी उणे ३५ ते उणे ४० अंशांची थंडी काही दिवस टिकली की त्या मोठ्या संख्येने मरत असत. १९९० च्या दशकापासून असे कडाके विरळ झाले, आणि भुंगेऱ्याने तेथे कोट्यवधी पाइन मारले. ज्या थंडीला आपण झाडाचा ताण म्हणतो तीच त्याच्या शत्रूला आवर घालत होती.

दुसरा दाखला आग्नेय अलास्कातील यलो सीडरचा. हे झाड शेकडो वर्षे जगते, पण तेथे २ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर ते वाळत गेले आहे. कारण शोधायला संशोधकांना बराच काळ लागला, कारण ना रोग सापडत होता ना कीड. शेवटी उलगडले ते असे की या झाडाची बारीक मुळे अगदी उथळ असतात आणि ती लवकर जागी होतात. पूर्वी हिमाचा थर त्यांना वसंतातील गारठ्यापासून राखत असे. हिवाळे सौम्य झाले, हिम टिकेनासे झाले, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत ती मुळे गोठून मरू लागली. मांडवीकर काका, हवा उबदार झाल्यामुळे हे झाड गोठून मेले आहे. आपण पहिल्या दिवशी विचारले होते की उणे पन्नास सोसणाऱ्याला उणे तीस जड का जावेत. जड जाते ते ठरलेल्या क्रमाबाहेर येणारे उणे पाच.

चैत्रपालवी, आपल्या प्रश्नाला मी उत्तर द्यायचे राहिले आहे. शरदात बहुतेक उत्तरी झाडे सूर्याचे ऐकतात आणि वसंतात मुख्यतः उबेचे. म्हणून शरद लांबला तरी ती त्याचा पुरेसा लाभ घेऊ शकत नाहीत, आणि वसंत लवकर आला तर मात्र घाईने उमलून नंतरच्या गारठ्यात सापडतात. वनपालांना हे लागवडीतून कळलेले आहे. दक्षिणेकडचे पाइनचे बी फार उत्तरेला नेऊन लावले तर ते रोप शरदात वाढ थांबवायला उशीर करते आणि पहिल्या गारठ्यात करपते. उत्तरेचे बी दक्षिणेला लावले तर ऊब असतानाही ते लवकर मिटून बसते. एकाच जातीत प्रत्येक अक्षांशाचा हिशोब वेगळा असतो.

पाणथळ
१५ जानेवारी, रात्री ८.५०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग माझ्यापुरता बराच स्पष्ट झाला आहे. अजून एक गोष्ट विचारतो. लार्चच्या मुळांखालची जमीन वर्षभर गोठलेली असते असे वर आले आहे. ती वितळू लागली तर मुळांना अधिक खोल जाता येईल आणि पाणी अधिक मिळेल, असे म्हणता येईल का?

मांडवीकर
१५ जानेवारी, रात्री ९.१५

हाच प्रश्न मीही विचारणार होतो. यलो सीडरच्या दाखल्यानंतर माझा पहिला आग्रह मी सैल करतो, पण मूस आणि झुडपांविषयीचा मुद्दा कायम ठेवतो.

भूर्जपत्र
१५ जानेवारी, रात्री १०.३०

काही ठिकाणी, जेथे जमीन उतरती आणि पाण्याचा निचरा होणारी आहे, तेथे तसे होऊ शकते. पण त्या प्रदेशात पाऊस फार कमी पडतो आणि अनेक ठिकाणी मातीत बर्फच मोठ्या प्रमाणात मिसळलेला असतो. तो वितळला की जमीन खचते, खोलगट भागात तळी साचतात, झाडे वेडीवाकडी कलतात आणि लार्चची मुळे पाण्यात गुदमरतात. उंच भागात याउलट घडते: आजवर गोठलेला थर उन्हाळ्यातील तुटपुंजे पाणी वरच्या मातीत धरून ठेवत असे, तो खोल गेला की ते पाणीही खाली जाते आणि उथळ मुळांचे झाड कोरडे पडते.

गोठलेली जमीन आणि लार्च यांचे नाते परस्परांचे आहे. झाडांची सावली आणि खालचा शेवाळाचा जाड थर उन्हाळ्यातील ऊन जमिनीपर्यंत पोहोचू देत नाहीत, म्हणून ती गोठलेली राहते. आणि ती गोठलेली राहते म्हणून झाडांना पाणी मिळते. वणव्याने शेवाळ जळाले की पुढची कित्येक वर्षे जमीन अधिक खोलवर वितळत राहते. वणवा हलका असेल तर शेवाळ पुन्हा धरते, लार्चची नवी रोपे त्या मोकळ्या जागेत दाटीने उगवतात आणि जमीन हळूहळू पूर्ववत होते. वणवे जवळजवळच्या वर्षांत येऊ लागले तर रोपांना बी धरण्याइतके वय मिळत नाही, आणि मग तेथे लार्चऐवजी गवत किंवा भूर्जाची झुडपे येतात. मांडवीकर काका, मूस तेथे जाईल हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्या झुडपांखाली सावली आणि शेवाळ पूर्वीइतके दाट राहिले नाही, तर जमीन लार्चच्या काळात होती तशी गोठलेली राहणार नाही.